तुरुंगातील लेखन आणि सहबंदी : राजकीय बंदिवानांच्या साहित्याचा एक पुनर्विचार

प्रस्तावना

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तुरुंगात लिहिल्या गेलेल्या ग्रंथांना मानाचे स्थान आहे. 'गीतारहस्य', 'गीता प्रवचने', 'श्यामची आई' आणि 'माझी जन्मठेप' या चार ग्रंथांची नावे घेतली तरी या परंपरेचे वजन लक्षात येते. यांतील पहिले तीन ग्रंथ बंदिवासात सिद्ध झाले, तर चौथा बंदिवासाविषयी आहे. या ग्रंथांवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. मात्र त्या लेखनाचा भर मुख्यतः लेखकाच्या त्यागावर, विद्वत्तेवर किंवा राजकीय भूमिकेवर राहिला आहे. तुरुंग ही लेखकाच्या चारित्र्याची कसोटी मानली गेली. लेखनाला घडविणारी संस्था म्हणून तिचा विचार त्या मानाने कमी झाला.

तुरुंगात राजकीय बंदिवान एकटा नसतो. त्याच्या अवतीभवती चोरी, दरोडा, खून, दारू अशा आरोपांखाली आलेले शेकडो सामान्य कैदी असतात. त्याचे जेवण तेच रांधतात, त्याच्या कोठडीबाहेर तेच झाडतात आणि पुष्कळदा त्याच्यावर पहाराही त्यांच्यापैकीच कोणी देत असतो. या सहबंदीचे राजकीय बंदिवानाच्या लेखनात काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. सहबंदीकडे पाहण्याची दृष्टी हा तुरुंगातील लेखनाच्या मूल्यमापनाचा एक महत्त्वाचा निकष ठरू शकतो आणि तो लावल्यास 'राजकीय बंदिवान' या संज्ञेचाच फेरविचार करावा लागतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

मंडाले, धुळे, नाशिक : तुरुंगाची अनुपस्थिती

'केसरी'तील लेखांबद्दल राजद्रोहाच्या आरोपावरून २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात ठेवण्यात आले. १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी तेथे शिसपेन्सिलीने 'गीतारहस्या'चा खर्डा लिहिला. लिहिण्यासाठी मिळणारा कागद मोजलेला होता आणि लिहिलेल्या वह्या सरकारच्या ताब्यात होत्या. १९१४ मध्ये सुटका झाल्यानंतर त्या परत मिळाल्या आणि १९१५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. या ग्रंथाची प्रस्तावना वगळली तर त्याच्या शेकडो पृष्ठांत मंडालेचा तुरुंग कोठेही दिसत नाही. गीतेच्या श्लोकांचा अन्वय, शांकरमताचे खंडन, पाश्चात्त्य नीतिशास्त्राशी तुलना आणि कर्मयोगाची मांडणी यांत ग्रंथकार संपूर्णपणे रमलेला आहे.

या अनुपस्थितीचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. पहिला अर्थ सर्वपरिचित आहे : भिंतींना लेखनात प्रवेश न देणे हाच भिंतींवर मिळविलेला विजय होय. दुसरा अर्थ फारसा मांडला जात नाही. मंडालेत टिळकांच्या स्वयंपाकासाठी कुलकर्णी नावाचा एक ब्राह्मण कैदी देण्यात आला होता. पुढे त्याच्या आठवणीही प्रसिद्ध झाल्या. टिळकांच्या तेथील दिनक्रमाविषयी जी माहिती मिळते, तिच्यासाठी चरित्रकारांना या कैद्याचा आधार घ्यावा लागला. कर्मयोगावरील एक मोठा ग्रंथ ज्या खोलीत लिहिला जात होता, तिच्या शेजारीच दुसऱ्या एका कैद्याचे कर्म चालू होते. ग्रंथात त्याला स्थान नाही, कारण ग्रंथाचा विषयच वेगळा आहे. हा ग्रंथकाराचा दोष मानण्याचे कारण नाही. परंतु ग्रंथाच्या निर्मितीचा इतिहास सांगताना समीक्षकानेही त्याला विसरावे, हे मात्र समर्थनीय नाही. स्वयंपाकासाठी 'ब्राह्मण' कैदीच का निवडला गेला, हा प्रश्नही तुरुंगाच्या रचनेकडे नेणारा आहे. त्याचा विचार पुढे येईलच.

धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले आणि साने गुरुजींनी ती अठरा प्रवचने लिहून घेतली. येथे तुरुंग विषय म्हणून येत नसला तरी रचनेत उतरला आहे. लेखन बोलण्यातून जन्मले, त्याला समोर श्रोते होते आणि लिहून घेणारा स्वतःही बंदी होता. मंडालेच्या ग्रंथात एकांताची बांधणी जाणवते, तर धुळ्याच्या प्रवचनांत सहवासाची. वाक्ये लहान आहेत, दृष्टान्त घरगुती आहेत आणि विचार ऐकणाऱ्याच्या चालीने पुढे सरकतो.

साने गुरुजींनी पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई'चा बहुतांश भाग अवघ्या पाच दिवसांत लिहिला. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात तुरुंग नाही. आहे ते कोकणातले घर. मात्र त्याची कथनचौकट लक्षणीय आहे. आश्रमातील मित्र रात्री प्रार्थनेनंतर एकत्र बसतात आणि श्याम त्यांना एकेक आठवण सांगतो. दिवसाचे काम संपल्यावर, दिव्याच्या अंधुक उजेडात, घरापासून दूर असलेल्या पुरुषांनी आईच्या आठवणी ऐकाव्यात, ही रचना बराकीतील रात्रीची आठवण करून देते. तुरुंग दृष्टीआड झाला असला तरी सहबंदींचे वर्तुळ श्रोत्यांच्या रूपाने पुस्तकात टिकून राहिले, असे म्हणता येईल.

येथे एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. धुळे व नाशिक येथील हे वर्तुळ प्रामुख्याने सत्याग्रहींचे होते. लाहोर येथे जतीन दास यांनी ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ रोजी देह ठेवला. त्यानंतर निर्माण झालेल्या दबावामुळे सरकारने १९३० मध्ये कैद्यांची अ, ब आणि क अशी वर्गवारी लागू केली. उपोषणकर्त्यांची मागणी राजकीय बंदिवान म्हणून मान्यता मिळावी अशी होती. सरकारने दिलेली वर्गवारी मात्र शिक्षण, सामाजिक प्रतिष्ठा आणि राहणीमान यांवर आधारलेली होती. म्हणजे राजकीय मागणीला सामाजिक श्रेणीचे उत्तर मिळाले. कोणाला कागद, पुस्तके आणि दिवा मिळणार, हे यावर पुष्कळ अंशी ठरू लागले. तुरुंगात लिहिले गेलेले साहित्य मुख्यतः सुशिक्षित मध्यमवर्गाचे का आहे, याचे उत्तर केवळ प्रतिभेत शोधणे त्यामुळे अपुरे ठरते.

'माझी जन्मठेप' : सहबंदीचे दर्शन आणि त्याची चौकट

१९२७ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या 'माझी जन्मठेप'ने मराठीत प्रथमच तुरुंगाला केंद्रस्थानी आणले. दोन जन्मठेपी, म्हणजे पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन वि. दा. सावरकर ४ जुलै १९११ रोजी अंदमानात पोहोचले. त्यांच्या गळ्यातील बिल्ल्यावर सुटकेचे वर्ष १९६० असे होते. कोलू फिरवून दररोज काढावे लागणारे तीस पौंड तेल, काथ्या कुटणे, जेलर बारीचा दरारा, इंदुभूषण रॉय यांची आत्महत्या आणि उल्हासकर दत्त यांच्या मनावर झालेला आघात यांच्या वर्णनांनी मराठी वाचकाला तुरुंगाचे अंतरंग दाखविले. कागद-पेन्सिल नसताना भिंतीवर खरडून आणि पाठ करून 'कमला'सारखे काव्य रचले गेले. वृत्तबद्ध रचनेचा स्मरणाशी असलेला जुना संबंध येथे पुन्हा निकडीचा झाला. छंद हा अलंकार न राहता साठवणुकीचे साधन बनला.

या ग्रंथाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. तुरुंग मुख्यतः कैद्यांकरवीच चालतो, हे त्याने तपशिलाने दाखविले. वॉर्डर, जमादार, पेटी ऑफिसर ही सारी जुन्या कैद्यांतून वर चढलेली माणसे होती. त्यांची बढती दुसऱ्या कैद्यांवर केलेल्या सक्तीवर अवलंबून होती. सत्तेची ही उतरंड ओळखण्यात 'माझी जन्मठेप'ने आपल्या काळातील भारतीय लेखनात मोठी मजल मारली आहे. निरक्षर कैद्यांना लिहावाचावयास शिकविणे आणि तुरुंगात ग्रंथालय उभे करणे या प्रयत्नांच्या वर्णनांतून सहबंदी हा प्रथमच कृतीचा विषय बनतो.

तथापि या दर्शनाला एक निश्चित चौकट आहे. सामान्य कैदी येथे मुख्यतः दोन रूपांत दिसतो : छळाचे साधन म्हणून किंवा संघटनेचे क्षेत्र म्हणून. पठाण व बलुची पहारेकऱ्यांचे चित्रण, धर्मांतराचे प्रसंग आणि शुद्धीची चळवळ यांमुळे सहबंदीची पहिली ओळख त्याच्या धर्माने होते. तो येथे कसा आला, त्याच्या गावी काय घडले होते, खटल्यात त्याचे म्हणणे काय होते, हे प्रश्न त्या मानाने मागे राहतात. शिवाय बंदिवानाचे लेखन एकाच प्रकारचे नसते. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१३ मध्ये गृहसदस्य रेजिनाल्ड क्रॅडॉक अंदमानास आले असता सावरकरांनी सादर केलेला अर्ज आणि अन्य अर्ज आता अभ्यासकांना उपलब्ध आहेत. आत्मकथन आणि अर्ज या दोहोंचे वाचक भिन्न असतात, हेतू भिन्न असतात, भाषाही भिन्न असते. त्यांतील एकाच्या आधारे दुसऱ्याला खोटे ठरविण्यात मराठी वादविवादाची बरीच शक्ती खर्च झाली आहे. दोन्ही एकाच संस्थेच्या दडपणाखाली घडलेली रूपे म्हणून एकत्र वाचणे समीक्षेच्या दृष्टीने अधिक फलदायी ठरेल.

अर्जाचा हा धागा महत्त्वाचा आहे. तुरुंगात सर्वाधिक लिहिले जाते ते पुस्तक नव्हे, अर्ज : जामिनाचा, वकील मिळण्याचा, आजाराचा, मुलाबाळांना भेटण्याचा. बहुसंख्य कैद्यांना तो स्वतः लिहिता येत नाही. लिहिता येणारा राजकीय बंदिवान त्यामुळे आपोआप इतरांचा लेखनिक बनतो. सहबंदीची हकिगत त्याच्या कानी पडते ती पुष्कळदा अर्जाच्या निमित्ताने.

नागपूर आणि येरवडा : लेखनिकाची भूमिका

स्वातंत्र्योत्तर काळात आणीबाणीने तुरुंगातील लेखनाची दुसरी लाट आणली. जयप्रकाश नारायण यांची चंदीगड येथील बंदिवासातील दैनंदिनी आणि बंगळूरच्या तुरुंगात प्रकृती ढासळलेल्या स्नेहलता रेड्डी यांची दैनंदिनी ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे. मराठीत कुमार सप्तर्षी यांच्या 'येरवडा विद्यापीठातील दिवस' या पुस्तकाचे शीर्षकच बोलके आहे. तुरुंगाला विद्यापीठ म्हणण्याची ही रीत राजकीय कार्यकर्त्यांत जुनी आहे. पण या विद्यापीठात शिकविणारा कोण आणि शिकणारा कोण, हा प्रश्न त्या रूपकात दडलेला असतो.

अलीकडच्या दोन पुस्तकांनी या प्रश्नाचे उत्तर बदलले आहे. दोन्ही इंग्रजीत असली तरी त्यांची भूमी महाराष्ट्रातील तुरुंगांची आहे. मुंबईचे कार्यकर्ते अरुण फरेरा यांना मे २००७ मध्ये नागपूर येथे नक्षलवादी असल्याच्या आरोपावरून अटक झाली. सप्टेंबर २०११ मध्ये सुटका होताच तुरुंगाच्या दारातच त्यांना पुन्हा ताब्यात घेण्यात आले. जानेवारी २०१२ मध्ये ते जामिनावर बाहेर आले आणि पुढे त्या सर्व खटल्यांत निर्दोष ठरले. 'कलर्स ऑफ द केज' (२०१४) या त्यांच्या पुस्तकात कोठडीतील छळाचे वर्णन आहे, पण ते आक्रोशाच्या सुरात नाही. झडती, मुलाकात, अंडा बराक, फाशी यार्ड अशा शब्दांचा परिचय करून देत, स्वतः काढलेल्या रेखाचित्रांच्या साहाय्याने लेखक तुरुंगाचा जणू नकाशाच वाचकासमोर उलगडतो. निवेदकाचा 'मी' येथे मुद्दाम कोरडा ठेवलेला आहे. आपल्यावर झालेला अन्याय अपवादात्मक नाही, सामान्य कैद्याच्या वाट्याला तो नित्याचाच आहे, हे त्या कोरडेपणातून सुचविले जाते. सुटकेनंतर फरेरा यांनी कायद्याचे शिक्षण घेतले, ही गोष्ट या दृष्टीशी सुसंगत आहे. २८ ऑगस्ट २०१८ रोजी भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांच्यावर पुन्हा अटकेची कारवाई झाली आणि २८ जुलै २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन मंजूर केला.

त्याच दिवशी अटकेची कारवाई झालेल्या वकील व कामगार कार्यकर्त्या सुधा भारद्वाज यांचे 'फ्रॉम फांसी यार्ड' (२०२३) हे पुस्तक आणखी पुढे जाते. खटला उभा राहण्यापूर्वीच तीन वर्षांहून अधिक काळ बंदिवासात काढून डिसेंबर २०२१ मध्ये त्या जामिनावर सुटल्या. त्यापूर्वी येरवड्याच्या फाशी यार्डात असताना दिवसाचा बराच काळ त्यांना कोठडीच्या गजांआडूनच बाहेर पाहावे लागे. त्या पाहण्यातून ७६ स्त्रियांची लहान लहान शब्दचित्रे तयार झाली. ती ऋतूंच्या क्रमाने मांडलेली आहेत, कारण तुरुंगात काळ तारखांपेक्षा ऊन, पाऊस आणि थंडीने अधिक जाणवतो. स्त्रियांची नावे दिलेली नाहीत. नाव गाळल्याने व्यक्ती पुसली जाईल अशी भीती वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक चित्रातील एखादी सवय, एखादा हट्ट, एखादे भांडण तिला वेगळेपण देते. नाव गाळणे हे येथे सहबंदीच्या संरक्षणाचे साधन आहे. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात भारद्वाज यांनी इतर स्त्रियांसाठी अर्ज लिहिण्याचे काम केले. अर्ज लिहिताना ऐकावे लागते, आणि ऐकण्याची ती सवय शब्दचित्रांतही दिसते.

या पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. इतक्या व्यक्तिचित्रांत एकेकीच्या वाट्याला थोडीच जागा येते. काही स्त्रिया पुसटशा दिसून नाहीशा होतात आणि गजांमागची निरीक्षक व समोरची स्त्री यांच्यातील अंतर पूर्णपणे मिटत नाही. परंतु ते अंतर लेखिकेने लपविलेले नाही, हे या लेखनाचे बळ आहे. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख केंद्राच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कैदी न्यायचौकशीअधीन, म्हणजे दोषी न ठरलेले होते. भारद्वाज यांच्या लेखनात हा आकडा चेहऱ्यांत उतरतो.

सहबंदीचे स्वतःचे कथन : 'राजकीय' या संज्ञेची सीमा

येथवर पाहिलेल्या सर्व लेखनात सहबंदी दुसऱ्याच्या लेखणीतून येतो. त्याने स्वतः लिहिले आहे काय? या प्रश्नाचे उत्तर 'तुरुंग साहित्य' या सदराखाली शोधल्यास हाती फारसे लागत नाही. ते दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांत मिळते. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) हे त्याचे ठळक उदाहरण. १९८८ च्या साहित्य अकादमी पुरस्काराने गौरविलेले हे आत्मकथन दारिद्र्य आणि जातीय अवहेलनेचे दस्तऐवज म्हणून वाचले गेले. पोलिसांचे छापे, मारहाण आणि संशयाखालील आयुष्य यांचे त्यातील चित्रण बंदिवासाचे चित्रण म्हणून मात्र क्वचितच वाचले गेले.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाजांना जन्मानेच गुन्हेगार ठरविले. हजेरी, हालचालींवरील बंधने आणि सोलापूरसारख्या ठिकाणची तारेच्या कुंपणातील वसाहत ही त्या कायद्याची अंमलबजावणी होती. हे कुंपण ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायद्याने उठले, पण संशय उठला नाही. राज्यसंस्थेने कायदा करून ज्यांना कुंपणात घातले, त्यांचा बंदिवास राजकीय नाही, असे कोणत्या आधारावर म्हणायचे? राजकीय बंदिवान म्हणजे ज्याचा हेतू राजकीय आहे असा माणूस, अशी आजवरची समजूत आहे. बंदिवास लादणाऱ्याचा हेतू विचारात घेतल्यास या संज्ञेची व्याप्ती वाढते आणि 'उचल्या' हे पुस्तक 'माझी जन्मठेप'च्या शेजारी ठेवून वाचावे लागते.

मंडालेतील स्वयंपाक्याचा प्रश्न येथे पुन्हा समोर येतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलींतील जातीवर आधारित कामाची वाटणी घटनाबाह्य ठरविली. उच्च जातीच्या कैद्याकडे स्वयंपाक आणि खालच्या मानलेल्या जातींच्या कैद्यांकडे सफाई, अशी ती वाटणी होती. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजण्याच्या प्रवृत्तीचीही न्यायालयाने दखल घेतली. वसाहतकाळात रुजलेली तुरुंगातील जातिव्यवस्था किती दीर्घायुषी ठरली, हे या निकालाने दाखविले.

स्वीकाराचे राजकारण

तुरुंगातील लेखनाला साहित्य म्हणून मान्यता कोण देते, हा प्रश्नही या विषयाशी निगडित आहे. कोबाड गांधी यांना सप्टेंबर २००९ मध्ये अटक झाली आणि दहा वर्षांनंतर, ऑक्टोबर २०१९ मध्ये ते बाहेर आले. त्यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' (२०२१) या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झाला. काही दिवसांतच तो रद्द करण्यात आला आणि निवड समितीही बरखास्त झाली. याच्या निषेधार्थ काही लेखकांनी आपले शासकीय पुरस्कार नाकारले, तर काहींनी शासकीय समित्यांतील पदे सोडली. या घटनेची चर्चा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने भरपूर झाली आणि ती योग्यच होती. मात्र एक गोष्ट बाजूला पडली. ज्या भूमिगत पक्षाशी संबंध असल्याचा आरोप गांधी यांच्यावर होता, त्या माओवादी पक्षानेही नोव्हेंबर २०२१ मध्ये याच पुस्तकावरून त्यांची हकालपट्टी जाहीर केली होती. शासनाला जे पुस्तक नक्षलवादाचे समर्थन वाटले, तेच पक्षाला विचारधारेपासूनचे पतन वाटले. दोन्ही निर्णयांत पुस्तक हा लेखकाच्या निष्ठेचा पुरावा मानला गेला. अनुवादिकेचे काम, कथनाची गुणवत्ता आणि तिहारपासून झारखंडपर्यंतच्या तुरुंगांतील माणसांची त्यात आलेली चित्रे यांचा विचार दोहोंकडेही झाला नाही.

हीच वृत्ती सौम्य रूपात समीक्षेतही आढळते. बंदिवान लेखक वंदनीय की निंदनीय हे आधी ठरते आणि त्यानुसार ग्रंथाचे वाचन होते. अभ्यासक्रमातील निवडही बहुधा त्याच मार्गाने जाते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, कागद, एकांत, श्रोते, स्मरण आणि अर्ज या तुरुंगातील भौतिक परिस्थितींचा लेखनाच्या रूपाशी प्रत्यक्ष संबंध आहे. दुसरी अशी की, मंडालेपासून येरवड्यापर्यंतच्या लेखनात सहबंदी अदृश्य असण्यापासून श्रोता, संघटनेचे क्षेत्र आणि अखेरीस स्वतंत्र व्यक्ती अशा अवस्थांतून जातो. हा प्रवास सरळ प्रगतीचा नाही. 'गीतारहस्या'चे तात्त्विक मोल 'फ्रॉम फांसी यार्ड'मुळे कमी होत नाही आणि सहबंदीविषयीची सहानुभूती एखाद्या पुस्तकाला आपोआप श्रेष्ठ ठरवीत नाही. पण तुरुंगाविषयी बोलणाऱ्या लेखनाला तो कोणाला पाहतो आणि कोणाला पाहत नाही, हा प्रश्न विचारणे अपरिहार्य आहे.

तिसरी गोष्ट अध्यापनाशी संबंधित आहे. महाविद्यालयीन वर्गात 'श्यामची आई' संस्कारकथा म्हणून, 'माझी जन्मठेप' स्वातंत्र्यलढ्याचा दस्तऐवज म्हणून आणि 'उचल्या' दलित-भटक्यांचे आत्मकथन म्हणून शिकविले जाते. या तिन्ही पुस्तकांना एकाच भिंतीच्या तीन बाजू म्हणून वाचण्याची संधी त्यामुळे हुकते. ती साधली, तर विद्यार्थ्याला तुरुंग हा थोर पुरुषांच्या चरित्रातील एक प्रकरण न वाटता आपल्या समाजाचाच एक भाग वाटेल. नेहमी प्रकाशात असलेल्या बंदिवानाच्या शेजारी त्याचे जेवण रांधणारा, त्याच्याकडून अर्ज लिहून घेणारा आणि काही वेळा स्वतःच लेखणी हाती घेणारा दुसरा बंदिवानही मग त्याला दिसू लागेल.